एका ओळीत बसवलेली क्वेरी

"दहा मिनिटं," मी ग्रंथपाल साहेबांना म्हणालो. "तुमचा चहा गार व्हायच्या आत यादी हातात!"

हे वाक्य मी सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास बोललो. आता ते आठवलं की एखाद्या कपाटात शिरून आतून कडी लावून घ्यावीशी वाटते. (कपाटाला आतून कडी नसते. मी बघून आलोय.)

तर मंडळी, मी वाचनालयात नोकरी करतो. पण पुस्तकं देणं, धूळ झटकणं, 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवणं ही कामं दुसऱ्यांची. माझं काम डेटाबेसचं. वाचनालयाची सगळी माहिती तक्त्यांमध्ये भरलेली असते. एका तक्त्यात वाचक, दुसऱ्यात पुस्तकं, तिसऱ्यात देवघेव, म्हणजे कोणी काय कधी नेलं. या तक्त्यांना एसक्यूएल नावाच्या भाषेत प्रश्न विचारायचा, त्याला म्हणतात क्वेरी. प्रश्न नीट विचारला की उत्तर नीट येतं. प्रश्न वेडावाकडा विचारला तरी उत्तर येतं! तिथेच तर गोची आहे. माणूस निदान "काय म्हणालास?" असं विचारतो. डेटाबेस कधीच विचारत नाही. मुकाट्याने उत्तर देतो आणि तुम्हाला खड्ड्यात जाताना बघत बसतो.

वाचनालय पुढच्या आठवड्यात नव्या इमारतीत हलणार होतं. साहेबांना एवढंच हवं होतं, की प्रत्येक वाचकाला एक पत्र जावं. 'आपल्याकडे खालील पुस्तके आहेत. शनिवारपर्यंत परत करावीत.'

"क्वेरी लिहिलीस की मला मोठ्याने वाचून दाखव," कॅटलॉगच्या ताई म्हणाल्या. ताई बावीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करतात. त्यांची क्वेरी म्हणजे नऊ-नऊ ओळींची. प्रत्येक तक्त्याचं नाव पूर्ण, प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर, सगळं एका कडेला लावलेलं, जसं काही शाळेचा गणवेश घालून रांगेत उभं केलंय.

"ताई, मोठ्याने कविता वाचतात," मी म्हणालो.

"तू वाचून तर बघ."

"नऊ ओळी कशाला? मी एका ओळीत बसवतो!"

"बसव," ताई म्हणाल्या, आणि तळघरात जुनी मासिकं मोजायला निघून गेल्या.

मी बसवली. तीन तक्ते, दोन जोडण्या, अटी, क्रम, सगळं एका ओळीत! वाचक म्हणजे 'अ', पुस्तक म्हणजे 'ब', देवघेव म्हणजे 'क'. शेवटचे काही शब्द पडद्याच्या उजव्या कडेला धडकून खाली पडत होते. थोडी काटछाट केली. मग ओळ अशी मावली, जणू मापाने शिवलेला सदरा. मी खुर्ची मागे सरकवून तिच्याकडे दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. बायकोकडे शेवटचं असं कधी बघितलं ते आठवत नाही. (ही ओळ बायको वाचणार आहे. राहू दे.)

उत्तर आलं.

अपेक्षित नोंदी: साधारण सहाशे चाळीस.
आलेल्या नोंदी: तीन हजार पाचशे अठ्ठावन्न.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, लोक किती वाचायला लागलेत बघा!"

साहेबांचे डोळे पाणावले. "मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. "छापा!"

छपाई चालू झाली. प्रिंटर धापा टाकत होता. तो पत्रं ओकत होता आणि मी रिकामा बसलो होतो. रिकामा माणूस आणि उघडा डेटाबेस, हे दोन पदार्थ कधी एकत्र ठेवू नयेत! मी माझ्या क्वेरीच्या शेपटाला एक छोटीशी अट लावली. नाव: माझी बायको. हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे. सहज लावली. गंमत म्हणून.

चार नोंदी आल्या.

'विभक्त होताना: कायदेशीर मार्गदर्शन'
'घराभोवतीच्या विषारी वनस्पती'
'तीस दिवसांत गाडी चालवा'
'आत्मविश्वासाने बोला'

गंमत संपली.

मी यादी पुन्हा वाचली. वरून खाली, मग खालून वर. कुठूनही वाचली तरी गोष्ट तीच होती. बाईला वेगळं व्हायचंय. वेगळं होता आलं नाही तर वनस्पती आहेत. काम झालं की गाडी काढून पसार व्हायचं. आणि कोणी अडवलंच, तर आत्मविश्वासाने बोलायचं!

आता एक गोष्ट कबूल करतो. 'आत्मविश्वासाने बोला' हे पुस्तक त्या वेळी माझ्याच बॅगेत होतं. मीच तीन आठवड्यांपूर्वी नेलेलं. तरी माझ्या डोक्यात काय आलं असेल? "म्हणजे हिनेही घेतलं! दुसरी प्रत! माझ्या तोडीस तोड तयारी!"

संशयाने भरलेलं डोकं माझ्या क्वेरीसारखंच असतं. त्याला काहीही कशालाही जोडता येतं.

*

दाखवा: बायकोच्या मनात काय आहे ते.
कुठून: चेहऱ्यावरून.
अट: ती बघत नसताना.
उत्तर: शून्य नोंदी.

माझी बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणते. तिच्याकडे चोरून बघणं सोपं नाही. मी सोमवारी संध्याकाळी वर्तमानपत्राआडून बघत होतो, तर ती म्हणाली, "पेपर उलटा नाहीये, पण कालचा आहे."

मग तिचा फोन वाजला. ती बाल्कनीत गेली. बाल्कनीत! मी लगेच पाणी प्यायला उठलो. पाण्याचा माठ बाल्कनीच्या दाराशी नाही, पण मी तिथून गेलो.

"हो, उद्या पाचला नक्की," ती हळू आवाजात म्हणत होती. "नाही, घरी अजून सांगितलं नाही. झालं की एकदम सांगेन."

झालं की! एकदम! माझी पाचावर धारण बसली.

"कोणाचा फोन?" मी आत्मविश्वासाने विचारलं. आवाज चिमणीसारखा निघाला.

"दुकानातला. तू इथे काय करतोयस?"

"कुंड्या बघत होतो."

"तू? कुंड्या?"

कुंड्या! बाल्कनीत अकरा कुंड्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांमध्ये काय आहे ते मला आजवर माहीत नव्हतं. एक पान मोठं होतं, चकचकीत होतं, आणि त्याचा एक तुकडा कोणीतरी तोडलेला होता.

जेवायला बसलो. ताटात पालेभाजी. हिरवीगार, बारीक चिरलेली, ओळख पटू नये इतकी बारीक.

"आधी बाबांना वाढ," मी म्हणालो.

बाबांनी मान वर केली. बाबा निवृत्त भूमापक आहेत. चाळीस वर्षं जमिनी मोजून आता माणसं मोजतात. "आज एवढा मान का माझा?"

"वडीलधारे आहात तुम्ही."

"कालही होतो."

बाबा जेवू लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. रंग बदलतोय का? ओठ निळे? बाबांनी दुसऱ्यांदा भाजी घेतली. तेवढ्यात त्यांना शिंक आली आणि मी ताट बाजूला ढकलून ओरडलो, "बाबा, थुंका!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली पेल्यातल्या पाण्यात माझ्याकडे बघितलं. चौघांचंही मत एकच दिसत होतं.

"याला काय झालंय?" आईने विचारलं.

"ऑफिसचं काहीतरी असेल," बायको म्हणाली. "आपल्याला कुठे कळतंय त्यातलं. मी काल विचारलं, पडदे कुठल्या रंगाचे घेऊ, तर म्हणतो, 'अट काय आहे?'"

"मला म्हणाला, 'आई, प्रश्न नीट विचार,'" आई म्हणाली. "मी नुसतं जेवलास का विचारलं होतं."

दोघींनी एकमेकींकडे एक नजर टाकली. त्या नजरेत बरंच काही होतं. पण मी ती वाचली नाही, कारण मी बाबांची नाडी मोजत होतो.

*

मंगळवारी दुपारी दीडच्या सुमारास पोस्टमन आला. त्याच्या हातात टपाल नव्हतं, स्वतःलाच आलेलं पत्र होतं.

"मी आयुष्यात भरतकामाचं पुस्तक नेलेलं नाही," तो म्हणाला.

"घरच्यांनी नेलं असेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मग माझ्या नावावर कसं? आणि 'तरुण दिसा, तरुण राहा' हे माझ्या सासूबाईंच्या नावावर कसं? ते मी..." पोस्टमन थांबला. "ते कोणी नेलं ते मला माहीत नाही."

त्याच्या मागे मुख्याध्यापिका. त्यांच्या पत्रात 'हाडांचा खुळखुळा: भयकथा, भाग तीन'. त्यांच्या मागे दाताचे डॉक्टर आणि त्यांची पत्नी, एकमेकांशी न बोलता, मध्ये एक माणूस उभा राहील एवढं अंतर ठेवून. त्यांच्यामागे एक आजोबा, कडेवर नात. नातीच्या नावाने आलेल्या पत्रात 'रक्तदाब: समज आणि उपाय'.

"चार वर्षांची आहे ती," आजोबा म्हणाले.

"आजकाल लवकर होतो," साहेब घाईघाईने म्हणाले.

रांग दाराबाहेर गेली. त्या रांगेत कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. नवरा बायकोच्या पत्रात डोकावत होता, बायको पत्र छातीशी धरत होती, भाऊ भावाला म्हणत होता, "म्हणून तू दार लावून वाचतोस होय?" 'शांतता राखा'ची पाटी भिंतीवरून कधी पडली ते कळलंही नाही.

आणि मग नर्सेस आल्या. वसतिगृहातल्या. एकूण बेचाळीस. प्रत्येकीच्या हातात बेचाळीस पुस्तकांची यादी.

"माझ्या नावावर 'मत्सर कसा टाळावा' कोणी घातलं?" पहिली म्हणाली.

"माझ्याही नावावर आहे!"

"तुझ्या असेलच."

"म्हणजे काय गं?"

बेचाळीस प्रशिक्षित आवाज एकदम चढले. साहेबांनी माझं मनगट धरलं. "लोक वाचायला लागलेत," ते दातांवर दात ठेवून म्हणाले, "असं तुम्ही मला सांगितलंत."

एवढ्यात तळघराच्या जिन्यातून ताई वर आल्या. केसांत कोळिष्टकं, हातात फडकं. त्यांनी रांग बघितली, नर्सेसच्या दोन याद्या घेतल्या, एकमेकींशेजारी धरल्या.

"दोन्ही सारख्याच आहेत," त्या म्हणाल्या. "क्वेरी वाच. मोठ्याने."

"ताई, आत्ता? या सगळ्यांसमोर?"

"वाच."

मी पडद्यासमोर उभा राहिलो. "अ मधून नाव घे, ब मधून पुस्तक घे..."

"अ म्हणजे कोण?"

"वाचक."

"मग वाचक म्हण."

"वाचकाचं नाव घे. पुस्तकाचं नाव घे. वाचकांचा तक्ता देवघेवीच्या तक्त्याला जोड, जिथे दोन्हीकडचं कुटुंब सारखं..."

"थांब," ताई म्हणाल्या. "कुटुंब?"

आता हे नीट सांगतो, कारण माझी इज्जत इथेच गेली. आमच्याकडे एका घराला एक कार्ड असतं. घर कितीही मोठं असो, कार्डाला एक कुटुंब क्रमांक. त्या घरातल्या प्रत्येक माणसाला शिवाय आपापला वाचक क्रमांक. देवघेवीत दोन्ही लिहिलेले असतात: पुस्तक कुठल्या घरात गेलं, आणि त्या घरातल्या नेमक्या कोणी नेलं. जोडणी करायची ती 'वाचक क्रमांका'वर. मी केली 'कुटुंबा'वर. म्हणजे घरातल्या एकाने पुस्तक नेलं, की डेटाबेसने ते सगळ्या घराच्या डोक्यावर ठेवलं! वसतिगृहाला आम्ही एकच घर धरतो. बेचाळीस पुस्तकं, बेचाळीस वाचक. एक हजार सातशे चौसष्ट नोंदी त्या एकाच घराच्या!

"'वाचक क्रमांक' का नाही लिहिलंस?" ताईंनी विचारलं.

मी पडद्याच्या उजव्या कडेला बोट लावलं.

"का?"

"ओळीत मावत नव्हतं."

रांगेतून मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हा कुठल्या शाळेत होता?"

आणि तेवढ्यात मला मागून ओळखीचा आवाज आला. "जरा जाऊ द्या. मी या माणसाची बायको आहे."

लोकांनी वाट करून दिली. काहींच्या नजरेत सहानुभूती होती. ती माझ्यासाठी नव्हती. बायकोच्या हातात चार पाकिटं, आणि मागे आई, खांद्याला कापडी पिशवी.

"हे तुझं पत्र," बायकोने पहिलं पाकीट काउंटरवर आपटलं. "'विभक्त होताना'. कधीपासून चाललंय हे? म्हणून काल घरात चोरासारखा फिरत होतास?"

"माझं? तुझ्या नावावर आहे ते!"

"माझ्याही पत्रात आहे," तिने दुसरं पाकीट आपटलं. "आईंच्याही. बाबांच्याही. चौघांनाही वेगळं व्हायचंय? मग घरात राहणार कोण, विषारी वनस्पती?"

रांगेतून कोणीतरी हसलं.

"माणशी चार म्हणजे सोळा पुस्तकं झाली," ती म्हणाली. "आपल्या कार्डावर मिळतात चार! बाबांनी पाकिटं फोडल्याफोडल्या सांगितलं, मोजणी चुकलीय. मी खालची ओळही न वाचता सांगितलं, मोजणारा चुकलाय. थांब, एक मिनिट. 'तुझ्या नावावर आहे ते' म्हणालास... म्हणजे तुला कालच माहीत होतं? माझ्या नावावर काय आहे ते तू बघितलंस?"

मी कीबोर्डवरची धूळ पुसू लागलो.

"तो 'थुंका' त्यासाठी होता?"

मी आणखी जोरात पुसू लागलो.

"त्या वनस्पती बाबांच्या! वरच्या मजल्यावरचं मांजर कुंडीतली पानं खातं, त्याला काही होईल म्हणून बघत होते बिचारे. गाडीचं पुस्तक माझं. तू शिकवतो म्हणालास त्याला दोन वर्षं झाली, म्हणून मी शिकवणी लावली. पाचला माझा तास आहे!" तिचा आवाज जरा खाली आला, आणि मला तोच जास्त लागला. "एकदा विचारायचंस. मी समोर बसले होते. तू डेटाबेसला विचारलंस."

ताई मध्ये पडल्या. त्यांनी माझी खुर्ची ओढून घेतली आणि क्वेरी लिहिली. नऊ ओळी. प्रत्येक तक्ता आपल्या पूर्ण नावाने. जोडणी वाचक क्रमांकावर. पडद्यावर पूर्ण यादी आली: सहाशे सदतीस. साहेब खुर्चीत बसले. मग ताईंनी आमच्या घराचा क्रमांक टाकला.

"वाचू का मोठ्याने?" त्यांनी बायकोला विचारलं.

"वाचा."

"वनस्पती, सासरे. गाडी, तुम्ही. 'आत्मविश्वासाने बोला', हा." नर्सेस खिदळल्या. "आणि 'विभक्त होताना'..."

रांग पुढे सरकली. पोस्टमनने तर कान टवकारले.

"...सासूबाई."

मी आईकडे बघितलं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार! बाबांचं काय होणार? ते बिचारे घरी मांजराची काळजी करत बसलेले!

"आई! या वयात?"

"माझ्यासाठी नाही रे," आई म्हणाली, आणि पिशवीतून पुस्तक काढलं. पानांत खुणेला दोरा घातलेला होता. "हिच्यासाठी घेतलं."

"माझ्यासाठी?" बायको चकित.

"बोलत नाहीस तू काही, पण मला दिसतं. हा दिवसभर त्या मशीनशी बोलतो, घरी आला की आपल्याशी मशीनसारखा बोलतो. म्हटलं, पोरीच्या हाताशी माहिती असावी. दिलं नव्हतं अजून. आधी मी वाचून बघत होते."

"काय बघत होतात?"

"याच्या बाजूचं काही सापडतंय का ते."

बेचाळीस नर्सेस, एक दंतवैद्य दांपत्य आणि एक पोस्टमन श्वास रोखून उभे होते.

"सापडलं?" मी विचारलं.

"एकशे बारा पानं झाली," आई म्हणाली. "अजून तरी नाही."

जे हसणं झालं त्यात दाताचे डॉक्टर आणि त्यांची पत्नी एकमेकांच्या शेजारी येऊन उभे राहिले, हे मी नोंदवून ठेवतो. माझ्यामुळे निदान एक घर सावरलं.

बायको मात्र हसली नाही. तिने आईच्या हातून पुस्तक घेतलं, चाळलं, अनुक्रमणिका बघितली. डोळे तपासताना बघते तशी, एकेक ओळ. मग काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "हे शनिवारपर्यंत वाचून होणार नाही. मुदतवाढ मिळते ना?"

"मिळते. अर्ज भरायचा. मंजुरी..." त्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. "मंजुरी यांच्याकडे असते."

बायकोने अर्ज भरला. स्वच्छ अक्षर, एकही खाडाखोड नाही. वाचकाचं नाव, वाचक क्रमांक, पुस्तकाचं नाव, सगळं आपापल्या रकान्यात. 'मुदतवाढीचं कारण' या रकान्यात तिने लिहिलं: 'निर्णय व्हायचा आहे.'

अर्जात एकही चूक नव्हती. नियमाने पंधरा दिवस देता येतात. मी दिले. शिक्का जरा वाकडा पडला, एवढंच.